काश्मीरला आई-बाबांना न्यावं का? घरात तीन पक्ष झालेत

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. एप्रिलात काश्मीरला जायचं म्हणायलोय. आम्ही नवरा-बायको, सहा वर्षांची पोरगी आणि आई-बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी परभणी-जिंतूर-औंढा असल्या रस्त्यांवर गेली, आता म्हणतात एकदा बर्फातला रस्ता बघायचाय. आईला ट्युलिपची बाग बघायचीय.

पण घरात एकमत होईना. बायको म्हणते, २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला झालं ते विसरलात का, त्याच महिन्यात लेकरू घेऊन जायचं? तिचा भाऊ म्हणतो, भीतीचा प्रश्नच नाही दाजी, तत्त्वाचा आहे, आपला एक रुपया तिकडं जाऊ द्यायचा नाही. बाबांचं म्हणणं, घाटात दरड पडते म्हणून गाडी डेपोत लावून ठेवतेत का?

मला तिघांचंही पटायलंय, हीच पंचाईत आहे. जाणं धोक्याचं आहे का? टूरवाल्यासोबत जावं की आपलं आपण? आणि मेव्हण्याला काय सांगावं? कुणी जाऊन आलं असेल तर बोला. व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड कृपा करून इथं आणून टाकू नका, ते घरच्या ग्रुपवर रोज येऊ लागलेत.

मोसंबी_जालना

धोक्याचं बाकीचे सांगतील, मी व्यवहाराचं सांगतो.

तुमचं इकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही. जम्मू-काश्मीरच्या हद्दीत शिरलं की फोन नुसता घड्याळ. दोघांचे तरी नंबर पोस्टपेड करून घ्या, आणि ते आदल्या दिवशी नाही, चांगलं महिनाभर आधी.

श्रीनगरचं विमानतळ हवाई दलाचं आहे. परतीच्या वेळी टर्मिनलच्या बरंच अलीकडं गाडीतून उतरून सगळं सामान मशीनमधून न्यावं लागतं, मग परत गाडीत, मग आत पुन्हा तपासणी. आई-बाबा सोबत असतील तर तीन तास हाताशी ठेवा. आवारात फोटो काढू नका.

पहलगाम, सोनमर्गला आतलं फिरणं स्थानिक युनियनच्या गाडीनंच करावं लागतं. श्रीनगरहून आणलेली टॅक्सी तळावर थांबते. लोकांना वाटतं लुबाडायलेत, पण तिथला नियमच तसा आहे आणि दराचा फलक लावलेला असतो. गुलमर्गच्या गोंडोल्याचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढा, तिथं जाऊन दलालाच्या नादी लागू नका. दुसरा टप्पा चार हजार मीटरच्या आसपास जातो. आईला बीपी असेल तर पहिल्या टप्प्यावर उतरा, बर्फ तिथंही असतो.

टूरवाला निवडायची एक सोपी परीक्षा सांगतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारनं ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती, जून २०२५ पासून ती टप्प्याटप्प्यानं उघडत गेली. टूरवाल्याच्या छापील पत्रकात ‘मिनी स्वित्झर्लंड’ दिसलं तर विचारा, हे कुठलं आणि आता उघडं आहे का. ते म्हणजे बैसरन, जिथं हल्ला झाला ते कुरण. त्यानं काही न बघता हो म्हटलं, तर पत्रक जुनं आहे आणि माणूस बेफिकीर.

बालाघाटी (बीड)

माझा सरळ विरोध आहे आणि तो लपवत नाही. २६ माणसं मेली. त्यातले सहा आपल्या महाराष्ट्राचे, तीन डोंबिवलीचे, दोन पुण्याचे, एक पनवेलचा. ते काही सैन्यात नव्हते, सुट्टीला गेले होते. धर्म विचारून मारलं. तिथल्या सगळ्यांना मी दोषी धरत नाही, पण त्या घरांतली मंडळी अजून धड सावरली नसताना आपण तिकडं जाऊन घोड्यावर बसून फोटो टाकायचे, हे मला जमणार नाही.

दुसरं कोणी बोलत नाही ते बोलतो. माझा चुलतभाऊ सीआरपीएफमध्ये आहे, अनंतनागला होता. तो म्हणतो, टुरिस्ट वाढले की आमची ड्युटी वाढते. तुमच्या एका गाडीसाठी पहाटेपासून रस्त्यावर माणूस उभा असतो. तुमची हौस होते, त्याची झोप जाते.

पैसे खर्चायचेच असतील तर वेरूळ, औंढा, परळी, नळदुर्ग काय कमी आहे? आई-बाबांना तिकडं न्या.

टपालवाली_सेलू

मी सेलूची. पोस्टात काउंटरवर नोकरी केली, आता रिटायर आहे. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघीच जाऊन आलो. मुलगा म्हणत होता ग्रुपसोबत जा. जाऊ म्हणाली, चाळीस माणसांच्या भेंड्या ऐकायला एवढ्या लांब कशाला जायचं?

मला काश्मीर आधी पत्त्यावरूनच माहीत होतं. आमच्या भागातली पोरं फौजेत. पाकिटावर नाव, नंबर, पलटण, आणि खाली ‘द्वारा ५६ एपीओ’, एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. पलटण कुठं आहे ते कळू नये म्हणून तसं असतं. बायका काउंटरवर यायच्या, विचारायच्या, ताई हे छप्पन कुठं आलं? मी म्हणायचे, वरती कुठंतरी. मलाही तेवढंच माहीत होतं. म्हणून बालाघाटीदादा, तुमच्या चुलतभावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते खरं आहे, आणि आम्ही ते डोळ्यांनी बघितलं. श्रीनगरहून सकाळी लवकर पहलगामच्या रस्त्याला लागलो तर थोड्या थोड्या अंतरावर एकेक जवान उभा. काहीजण हातात दांडीसारखं यंत्र घेऊन रस्त्याची कड तपासत चाललेले, सोबत कुत्रा. एका ठिकाणी फौजेचा ताफा जायचा होता म्हणून आमची गाडी थांबवली. जाऊबाईंनी काच खाली करून मला मोठ्यानं म्हटलं, अगं हे पोरगं आपल्याकडचं वाटतंय. ते पोरगं मान न वळवता म्हणालं, “ताई, काच वर घ्या अन् गाडी रांगेत राहू द्या.” एवढंच. कुठला ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आता सुरक्षेचं. ‘काश्मीर सुरक्षित आहे का’ हा प्रश्न ‘मराठवाड्यात पाणी आहे का’ या चालीचा आहे. जायकवाडीच्या कालव्याखाली की बालाघाटाच्या माथ्यावर? मार्गशीर्षात की वैशाखात? ७ मे २०२५ नंतरच्या पाकिस्तानशी लढाईच्या त्या चार दिवसांत श्रीनगरचं विमानतळ बंद होतं, आणि पूंछ, उरी, कर्नाह या नियंत्रण रेषेजवळच्या गावांत तोफगोळे घरांवर पडत होते. त्याच रेषेवरचे केरन आणि गुरेझ, फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी गोळीबार थांबवायचं ठरवल्यावर पर्यटकांना खुले झाले होते, लोक तंबू ठोकून राहत होते. रेषा तीच, तारीख वेगळी. आणि जम्मूची बाजू बिनधोक, खोरं तेवढं धोक्याचं, असंही धरून चालू नका. ९ जून २०२४ ला रियासीला यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला, बस दरीत गेली, नऊ माणसं गेली. ती जम्मूचीच बाजू.

तेव्हा कुणी ‘काही होत नाही हो’ म्हटलं तरी ऐकू नका, ‘मरायला जाताय का’ म्हटलं तरी ऐकू नका. पैसे परत मिळतील असं बुकिंग करा, निघायच्या दोन दिवस आधी तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करा, आणि परतीला एक-दोन दिवस मोकळे ठेवा. विम्याच्या कागदात दहशतवादी हल्ला आणि युद्ध धरलंय की वगळलंय ते बारीक अक्षरात बघा. आम्ही बघितलं. वगळलं होतं. तरी गेलो, पण माहीत असून गेलो.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तिथल्या माणसाला त्याचं मत विचारायला जाऊ नका.

पंपोरच्या अलीकडं रस्त्याला एका टपरीवर आम्ही कहवा प्यायला थांबलो होतो. केशराचे दिवस, वाफ्यांत बायका वाकून जांभळी फुलं खुडत होत्या. शेजारच्या बाकावर आपल्याकडचंच एक कुटुंब होतं, ‘लई थंडी हाय की’ वरून ओळखलं. त्यांच्यातल्या काकांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “भैया, आप इंडिया के साथ हो ना?” तो हसला. म्हणाला, “साब, मैं तो आपके साथ हूँ, पाँच दिन की बुकिंग है.” काका खूश, सगळे हसले. ड्रायव्हरनं अर्धा उरलेला कहवा झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि गाडीत जाऊन बसला.

त्यानं दुसरं काय म्हणायचं होतं? काकांना पाच दिवसांनी घरी जायचंय, त्याला तिथंच राहायचंय. हो म्हटलं तर त्याच्या गल्लीत कुणीतरी लक्षात ठेवणार. नाही म्हटलं तर तुमच्या मोबाइलमधला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठं जाणार. आणि गप्प बसला तर तुम्ही घरी येऊन सांगणार, त्यांच्या मनात खोट आहे.

माझ्या सासूबाई जिंतूरकडच्या. १९४८ मध्ये दहा-अकरा वर्षांच्या असतील. सांगायच्या, एका रात्री निजामाच्या बाजूचे रझाकार यायचे, काँग्रेसवाल्यांना भाकरी कोण पोचवतं म्हणून. दुसऱ्या रात्री सरहद्दीवरच्या कॅम्पातून आपलेच लोक यायचे, रझाकारांना खबर कोण देतं म्हणून. त्यांच्या वडिलांचं दोघांनाही एकच उत्तर, मी ज्वारी राखतो. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिने आपण असे काढलेत. काश्मीरचा प्रश्न १ जानेवारी १९४८ ला युनोत गेला आणि हैदराबादचाही त्याच वर्षी ऑगस्टात गेला होता, हे आपण शाळेत वाचून विसरलो. आपलं पाच दिवसांच्या पोलीस ॲक्शनमध्ये मिटलं, त्यांचं अजून चालूच आहे. मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन करणाऱ्या माणसाला तरी तिथल्या ड्रायव्हरचं हसणं कळायला पाहिजे.

मग बोलायचं काय? पिकापाण्याचं बोला. अनंतनागच्या अलीकडं एका गावात आम्ही एका घरी राहिलो, सफरचंदाची बाग असलेला माणूस. ऑगस्टच्या शेवटी उधमपूरकडं दरडी पडून हायवे बंद झाला, ऐन हंगामात ट्रक अडकून पडले, माल गाडीतच सडला. सरकारनं मग बडगामहून दिल्लीला सफरचंदाची पार्सल रेल्वे सुरू केली, पण ह्याचा माल तोवर गेला होता. त्याच सप्टेंबरात आपल्याकडं काय झालं ते सांगायला नको. मी फोनवर आमच्या शेताचा फोटो दाखवला, सोयाबीन पाण्याखाली, नुसते शेंडे वर. तो बराच वेळ बोट लावून फोटो मोठा करून बघत होता. मग विचारलं, “आपके यहाँ भी पटवारी देर से आता है?” त्यावर आमचं जे सुरू झालं ते जेवण थंड होईपर्यंत.

त्यानंतर तो आपणहून बोलला. ५ ऑगस्ट २०१९ नंतर फोन बंद, मुलगी जम्मूला शिकायला होती, ती जेवली की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. फोरजी परत आलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, तोवर पोरांचा अभ्यास कसा झाला ते सांगितलं. शेजारी एक घर होतं, पत्रा गंजलेला, खिडक्या नाहीत. पंडितांचं. १९९० ला गेले ते गेले. अंगणात अक्रोडाचं झाड. जाऊबाई फटकळ, तिनं विचारलं, मग ह्या झाडाचे अक्रोड कोण नेतं? तो म्हणाला, “हम ही उठाते हैं.” आणि पुढं काही बोलला नाही. मीही नाही.

मी काही विचारलं असतं तर यातलं एक अक्षर मिळालं नसतं.

मेव्हण्याला काय सांगायचं? माझ्या मते काही सांगू नका, त्याचं मत त्याला ठेवू द्या. फक्त ‘आपण गेलो नाही तर ते उपाशी मरतील’ हे बोलू नका. ते खोटंही आहे आणि उद्धटपणाचंही. खोऱ्यात टुरिझमपेक्षा सफरचंदाचा व्यवहार मोठा आहे. आपण न गेल्यानं आधी मार बसतो तो घोडेवाल्याला, शिकारावाल्याला. बैसरनच्या त्या २६ जणांत एक तिथला घोडेवाला होता. पण म्हणून उपकार करायच्या आवेशातही जाऊ नका. तुम्ही गेलात की ‘बघा, सगळं सुरळीत’ म्हणणारे तुमचं डोकं मोजतात. नाही गेलात की ‘बघा, कुणी येत नाही’ म्हणणारेही मोजतात. यातून सुटका नाही, हे मनाशी धरून ठेवलं की बरं.

जाता जाता, दल सरोवरात तरंगतं पोस्ट ऑफिस आहे, २०११ पासूनचं. टपालावर शिकारा होडीचं चित्र असलेला शिक्का मारून देतात. मी पोस्टातली म्हटल्यावर काउंटरवरच्या पोरानं आत बोलावून स्टूल दिलं. पोरीच्या नावानं एक कार्ड टाका तिथून. (पाकिस्तानातून येणारं टपाल मे २०२५ पासून आपण बंद केलंय. नियंत्रण रेषेवरच्या किशनगंगा नदीच्या पलीकडच्या काठावर ज्यांचे चुलते-मामे राहतात त्यांना पत्राचाही आधार राहिला नाही. हे कुठल्या पर्यटन पत्रकात नसतं म्हणून सांगितलं, दुसरं काही नाही.)

पानचक्की (छत्रपती संभाजीनगर)

टपालवाली आपा, बाकी सगळं मान्य, एक दुरुस्ती. ‘पाच दिवसांत मिटलं’ ते तुमच्याकडं. माझ्या दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, गावात पोलीस ॲक्शननंतर तोच प्रश्न उलट्या बाजूनं विचारला गेला. रझाकारांशी ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांनाही. पंडित सुंदरलालांची समिती दिल्लीहून आली होती ती त्या वेळी मुसलमानांवर जे झालं त्याचीच चौकशी करायला. भांडण म्हणून नाही लिहीत, तुमच्याच मुद्द्याला जोड देतोय.

आम्ही पहलगामच्या आधी गेलो होतो, २०२४ मध्ये, टूरच्या बससोबत. मुसलमान म्हणून दोन्हीकडून ऐकायला मिळालं. बसमधले एक गृहस्थ मला रोज म्हणायचे, तुम्हाला काय, तुम्हाला भीती नाही. हाउसबोटवाला म्हणायचा, आप तो अपने हैं. शालीचा भाव मात्र त्यानं मला तोच सांगितला जो त्या गृहस्थांना सांगितला. मी घासाघीस केली तर म्हणाला, अपनों से क्या भाव करना. बायको अजून ते वाक्य मला ऐकवते.

एक कामाचं सांगतो. जुनं शहर बघाच, टूरवाले नेत नाहीत. खानकाह-ए-मौलाचं लाकूडकाम बघून आमच्या अब्बांचे, ते सुतारकाम करायचे, हात आपोआप खांबावर गेले. पण शुक्रवारी दुपारी नौहट्ट्याच्या जामिया मशिदीच्या बाजूला जाऊ नका. कधी मशीद बंद ठेवतात, कधी रस्ते. इतर दिवशी सकाळी जा. आणि अवंतीपूरचं नवव्या शतकातलं देऊळ पहलगामच्या वाटेवरच आहे, आईला पंधरा मिनिटं तिथं थांबवा. मट्टनजवळचं मार्तंड मात्र वाट वाकडी करून बघावं लागतं, पण वेरूळ पाहिलेल्या माणसानं ते चुकवू नये.

मांजराकाठ (मूळ लातूर, सध्या इंग्लंड)

विम्याचा विषय निघाला म्हणून. इथल्या सरकारनं जम्मू शहर आणि लडाख सोडून बाकी जम्मू-काश्मीरला जाऊ नका असा सल्ला नागरिकांसाठी ठेवलाय. तो डावलून गेलं की बहुतेक विमा कंपन्या हात वर करतात. माझ्या ऑफिसातल्या इंग्रज जोडप्याला गुलमर्गला स्कीइंग करायचं होतं, याच कारणानं बेत रद्द केला. आपल्याला घरचंच म्हणून अशी आडकाठी नाही. एकाच बागेत एकाला जाता येतं, दुसऱ्याला नाही, पासपोर्टवरून. पूर्णाकाठ, तुमच्यासोबत परदेशी पासपोर्टवालं कुणी नातेवाईक येणार असेल तरच हे तुमच्या कामाचं.

बालाघाटी (बीड)

टपालवाली ताई, ५६ एपीओ वाचलं. आमच्या काकूकडं तसली पाकिटं ट्रंकेत आहेत.

मत बदललेलं नाही. मी जाणार नाही. पण पूर्णाकाठ जाणारच असतील तर चुलतभावाला विचारून दोन गोष्टी सांगतो. जवान, बंकर, ताफा यांचं रील काढायचं नाही, मागं दिसतंय एवढंच म्हणूनही नाही. तुम्ही आज टाकलेल्या व्हिडिओवरून उद्या कुठं किती माणसं उभी असतात ते कळतं. आणि ताफा चाललेला असताना ड्रायव्हरला ‘घाल मधून’ म्हणू नका. आपल्याकडं लग्नाची वरात कापून गाडी घालतात तसं तिथं केलं तर काय होईल ते सांगता येत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाला ताफ्यात घुसलेल्या गाडीनंच ४० जण गेले. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तुमची गाडी आणि ती गाडी यांतला फरक लांबून कळत नसतो.

वरातीवरून आठवलं, पानचक्कीभाई, शाल केवढ्याला पडली शेवटी?

पानचक्की (छत्रपती संभाजीनगर)

ते बायकोसमोर विचारू नका.

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे आभार. रात्री जेवणं झाल्यावर हा धागा घरात मोठ्यानं वाचला. अक्रोडाच्या झाडापाशी आई म्हणाली, परत वाच. मेव्हणाही होता. त्यानं बालाघाटींचं पहिलं उत्तर आपल्या मोबाइलवर घेऊन ठेवलं आणि म्हणाला, मी स्टेशनवर सोडायला येणार नाही. ठीक आहे, रिक्षा मिळते.

बायकोची अट, पहलगाम नाही. श्रीनगरात चार दिवस, एक दिवस सोनमर्ग, बास. बोगदा झाल्यापासून तो रस्ता सोपा झालाय म्हणतात. मी कबूल झालो. पोरगी येणार, पण निघायच्या दोन दिवस आधी काही कमीजास्त वाटलं तर सगळंच रद्द, कुणी कुणाला बोल लावायचा नाही. बुकिंग तसंच शोधतोय. जुनं शहर आणि तरंगतं पोस्ट दोन्ही यादीत आलं. अवंतीपूर पहलगामच्याच वाटेवर म्हणता, तर तेवढंच बघून मागं फिरता येतं का ते विचारायलोय. बायकोनं अजून हो म्हटलेलं नाही.

बाबांनी मात्र ऐन वेळी वेगळंच काढलं. टपालवाली ताईंचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी ड्रायव्हरला काही विचारत नसतो, ड्रायव्हरशी बोलू नये असं आमच्या गाडीत लिहिलेलंच असायचं. विमान मात्र नको म्हणतात. सचखंडनं दिल्ली, तिथून कटरा, आणि कटऱ्याहून ती नवी वंदे भारत. त्यांना चिनाबवरचा पूल बघायचाय. ट्युलिप तुझ्या आईला, पूल मला, म्हणे. ह्या वयात एवढा रेल्वेप्रवास झेपेल का, आणि खिडकीतून पूल नीट दिसतो का?

मोसंबी_जालना

झेपेल, पण दिल्लीत एक रात्र थांबा, सलग नेऊ नका. कटरा ते श्रीनगर तीन तासांच्या आसपास आहे, जून २०२५ ला सुरू झाली. कटरा स्टेशनात तपासणी कडक असते, वेळ ठेवा. आरक्षण उघडल्या दिवशीच काढा.

पुलाचं खरं सांगतो, गाडीतून फारसा कळत नाही. नदीपासून ३५९ मीटर उंच आहे, पण लांबी सव्वा किलोमीटरच्या वर थोडी. बोगद्यातून बाहेर येतो, खाली दरी दिसते न दिसते तोवर पुढं पुन्हा बोगदा. कमान तुमच्या पायाखाली, ती दिसणार कशी? बाबांना पूल बघायचाय की पुलावरून जायचंय ते आधी विचारून घ्या. बघायचाच असेल तर तो रस्त्यानं जाऊन लांबून बघावा लागतो, ते रियासी जिल्ह्यात येतं, कटऱ्याला मुक्काम वाढवून गाडी करा. त्या रस्त्याचं वर ताईंनी लिहिलंय, २०२४ चं. तेव्हा जायचं ठरलं तर सकाळी निघा, अंधाराच्या आत परत या, आणि कटऱ्याच्या हॉटेलवाल्याला आदल्या रात्री विचारा. बाबांना खिडकीची जागा द्या, पोरगी रडली तरी.